वाचायचा राहिलेला अध्याय

दैवशालाच्या पोथीची पानं वापरून वापरून तांबूस झाली होती. कोपरे मुडपलेले, कडांना हळदीच्या बोटांचे डाग, मधूनच एखाद्या ओवीवर समईतल्या तेलाचा थेंब. फक्त चौदाव्या अध्यायाची पानं तेवढी पांढरी राहिली होती, नुकतीच छापून आल्यासारखी कडक. तेरावा अध्याय संपला की दैवशाला ती सगळी पानं चिमटीत एकदम धरायची, उलटायची आणि पंधराव्याला सुरुवात करायची. इतक्या वर्षांत तिचा हात कधी चुकला नव्हता.

पोथी तिच्याकडं आली तीही मोठ्या विचित्र रीतीनं. भूकंपात सास्तूर भुईसपाट झालं, उरलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली, तेव्हा गावात मदतीचे ट्रक यायचे. कुठल्या कुठल्या लोकांनी पाठवलेली पातेली, चादरी, स्वेटर, बिस्किटांचे पुडे. एका गाठोड्यात लहान पोरांचे कपडे निघाले. बायकांची झुंबड उडाली. दैवशाला सोलापूरच्या दवाखान्यातून नुकतीच परत आली होती, काखेत कुबडी घेऊन लांब उभी होती. तिच्या घरात झबलं-फ्रॉक घालणारं कुणी उरलं नव्हतं. बायका पांगल्यावर गाठोड्याच्या तळाशी लाल फडक्यात बांधलेली ही पोथी तिला दिसली. कुणी टाकली असेल, कशाला टाकली असेल, देव जाणे. तिनं ती उचलली आणि शेडमध्ये नेऊन उशाशी ठेवली.

माहेरी बेंबळीला ती सातवीपर्यंत शिकली होती. वाचता चांगलं यायचं. दुसऱ्या दिवशी तिनं पोथी उघडली ती वेळ काढायला म्हणून. पण त्या जुन्या वळणाच्या ओव्या एकामागून एक म्हणत गेलं की छातीतला दगड तेवढ्यापुरता हलका व्हायचा. रोज एक अध्याय, असं करत ती चौदाव्याला पोचली.

चौदाव्यात एका कुंभारणीची कथा होती. तिचं लेकरू साप चावून मेलेलं. लोक म्हणतात, आता मसणात ने. ती नेत नाही. लेकराला पोटाशी धरून नदीकाठी बसलेल्या एका साधूकडं निघते. एवढं वाचून दैवशाला थांबली. पुढं काय होणार हे सांगायला कुणी लागत नव्हतं. पोथीतल्या आईचं लेकरू उठणारच. तिनं पोथी मिटली. देवानं त्या कुंभारणीचं ऐकलं, मग आपण काय पाप केलं होतं? आपली जाई चार वर्षांची. आपण दवाखान्यात पाय बांधून पडलो होतो, तोवर पोरगी गेली अन् सगळं आटोपलंही. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पंधरावा काढला. तेव्हापासून तो नेमच पडला.

नवं गाव वसलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, एका घराचा आवाज दुसऱ्या घराला जाणार नाही असं अंतर. दोन वर्षांनी समर्थ झाला. लोक तिला समर्थची आई म्हणू लागले, नवराही तसंच म्हणू लागला. आधी ती जाईची आई होती, हे नाव कुणी मोडीत काढलं नाही. नुसतं घेणं थांबवलं. घरात जाईचं नाव बब्रुवान काढत नव्हता, म्हणून दैवशाला काढत नव्हती. पुढं पुढं तर कोण कुणामुळं गप्प आहे हेही दोघांना सांगता आलं नसतं.

नव्या गावात देऊळ बांधलं, श्रावणात तिथं हीच पोथी लागू लागली. एक जण ओवी वाचायचा आणि तात्या तिचा अर्थ सांगायचे. तात्या शाळेतले मास्तर. मूळ तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले, पण नोकरीनं सास्तूरला आले आणि भूकंपानंतरही गाव सोडून गेले नाहीत. माणूस सालस, वाणी गोड. पोथीतला राजा म्हणजे आपलं मन, अरण्य म्हणजे वासना, शत्रू म्हणजे आपलाच राग, असं ते समजावून सांगायचे आणि माणसं माना डोलवायची. समर्थ शाळेत जायला लागला त्या वर्षी दैवशाला एका संध्याकाळी देवळात बसली होती. कितवा अध्याय आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं. कुंभारणीचं नाव कानावर आलं तेव्हा उशीर झाला होता.

"आता हे मेलेलं लेकरू म्हणजे खरं लेकरू समजू नका बरं का," तात्या सांगत होते. "हा आपल्या आतला जीव आहे. संसाराचा साप त्याला डसलाय..."

दैवशाला उभी राहिली. बायकांच्या गर्दीतून तिचा आवाज आला, आणि तो इतका शांत होता की सगळं देऊळ वळून बघायला लागलं.

"तात्या, माझं लेकरू लेकरूच व्हतं. त्येला दुसरं काय म्हनू नका."

ती निघून गेली. तात्यांनी त्या दिवशी पुढं अर्थ सांगितला की नाही, हे तिनं कधी विचारलं नाही. देवळातल्या पोथीला मात्र ती पुन्हा गेली नाही. घरी वाचायची, चौदावा सोडून.

अशी वर्षांवर वर्षं गेली. समर्थ शिकला, पुण्याला नोकरीला लागला, तिकडंच त्याचं बिऱ्हाड झालं. आणि मागल्या उन्हाळ्यात एका सकाळी बब्रुवान बैलांना पाणी दाखवायला गेला तो हौदाशीच कोसळला. लकवा. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा काठीच्या आधारानं अंगणापर्यंत जाण्याइतकी ताकद होती, पण जीभ जड झाली होती. एक एक शब्द चिखलातून पाय काढावा तसा काढायचा. बैल विकले. शेत शेजारच्या सिद्धारामला बटईनं दिलं. बब्रुवान दिवसभर ओसरीवर बाजेवर पडून रस्त्याकडं बघत राहायचा.

समर्थनं बापाला करमावं म्हणून मोबाइलवर भजनं लावून दिली. बब्रुवाननं डाव्या हातानं मोबाइल उलटा करून ठेवला.

"तू वाच," तो दैवशालाला म्हणाला.

"काय वाचू?"

"पोथी."

तिला नवल वाटलं. बब्रुवान सहीपुरता शिकलेला. ती रोज पोथी वाचायची तेव्हा तो कधी जवळ येऊन बसला नव्हता. पण आजारी माणसाचा शब्द. मग रोज दुपारी भाकरी झाल्या की ती बाजेशेजारी पाट मांडून बसायची आणि एक अध्याय मोठ्यानं वाचायची. तो डोळे मिटून ऐकायचा. कधी घोरायचासुद्धा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीच्या सवयीनं पानं चिमटीत धरली आणि पंधरावा सुरू केला. दोन ओव्या झाल्या नसतील.

"चौदावा ऱ्हायला," बब्रुवान म्हणाला. डोळे मिटलेलेच.

दैवशालानं पोथी मांडीवर ठेवली.

"तुमास्नी काय ठाव?"

"देवळात ऐकतो की. दर साली."

तिला हे माहीतच नव्हतं. श्रावणात संध्याकाळी तो देवळाकडं जायचा, हे ठाऊक होतं. चार माणसांत गप्पा मारायला जात असेल, एवढंच तिनं धरलं होतं. तो आत बसायचा, दर साली तो अध्याय ऐकायचा आणि घरी येऊन मुकाट्यानं जेवायचा, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"डोळं दुखत्यात माझं," असं म्हणून तिनं पोथी बांधली.

बब्रुवाननं हट्ट केला नाही. पंधरावा, सोळावा, होता होता पोथी पुरी झाली, पुन्हा पहिल्यापासून लागली. पण आता तेरावा जसजसा जवळ येत चालला तसा तिचा घास गोड लागेना. तिला राग येत होता, कशाचा ते कळत नव्हतं. आपण नाव काढत नाही ते याच्यासाठी, आणि हाच माणूस दर साली देवळात बसून मेलेलं पोर उठल्याची गोष्ट ऐकतो?

त्याच सुमाराला तात्या बब्रुवानला भेटायला आले. आता तेही थकले होते, नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून आले. बब्रुवानचा डोळा लागला होता. दैवशालानं चहा टाकला. कप पुढं केला आणि मग तिथंच दाराला टेकून उभी राहिली.

"तात्या, एक इचारू का? रागाला येऊ नका."

"विचारा की."

"पोथीत लिवल्यालं खरं आसतं का?"

तात्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. "दैवशालाबाई, ते कधी घडलं होतं का, हे मला खरंच माहीत नाही. माझा जन्म गेला पोथी सांगण्यात, पण हे काही मला कळलं नाही."

"मंग सांगता कशाला?"

"घडलं होतं का ते कळत नाही. पण घडतं का, ते वाचणाऱ्याला कळतं. तेही कधी कधी. मला म्हणाल तर मी घाटावर उभा राहून पाणी किती खोल आहे ते सांगणारा माणूस. उतरलो कितीदा, हे माझं मला ठाऊक."

तात्यांनी झोपलेल्या बब्रुवानकडं बघितलं. "यांनी मात्र कधी एक दिवस चुकवला नाही. एका खांबापाशी बसायचे. त्या अध्यायाला तर डोक्यावरून उपरणं घ्यायचे."

तात्या गेले. त्यांचं शेवटचं वाक्य दैवशालाच्या मनात दोन दिवस रुतून राहिलं. उपरणं डोक्यावरून घेऊन तो काय करत असेल, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

तिसऱ्या दुपारी तेरावा झाला होता. ती पाटावर बसली, पोथी उघडली आणि चिमटीत पानं न धरता एकच पान उलटलं. कडक कागदाचा आवाज झाला. बब्रुवाननं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

ती वाचू लागली. कुंभारणीचं घर, चाकावरची ओली माती, खेळायला गेलेलं लेकरू. साप. जमलेली माणसं. आई लेकराला घेऊन निघाली. नदीकाठी साधू बसलेला. इथंवर ती पूर्वी आलेली होती. इथून पुढची वाट तिच्या पायांना नवी होती.

साधू विचारतो, काय आणलंस माये? ती म्हणते, माझं लेकरू झोपलंय, उठत नाही. साधू म्हणतो, मग हाक मार की. ती म्हणते, सकाळधरनं हाका मारतेय महाराज. साधू म्हणतो, ते रडणं होतं. हाक वेगळी असते. आता हाक मार.

"म्या मारली व्हती," बब्रुवान म्हणाला.

दैवशालाचं बोट ओवीवर तसंच राहिलं.

"लई मारली. सकाळधरनं दुपारपत्तोर. जाई, जाई, जाई." त्या जड जिभेतून ते नाव कसं स्वच्छ बाहेर पडलं, याचंच तिला आश्चर्य वाटलं. "न्हाय उठली."

बाजेच्या कडेला धरून तो उठून बसायला लागला. तिनं त्याला आधार दिला. मग तो सांगत गेला. मध्ये मध्ये थांबत, तोंडातून ओघळणारी लाळ डाव्या मनगटानं पुसत. रात्रीची लाइट होती म्हणून तो उसाला पाणी द्यायला रानात होता. जमीन हलली तसा पळत आला, तर गल्ली कुठली आणि घर कुठलं हेच कळेना. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. सगळं एक झालेलं. आधी दैवशाला सापडली, तुळईखाली पाय, शुद्ध नाही. तिला टेम्पोत घालून सोलापूरला लावून दिली. तिच्यासोबत गेला नाही, कारण पोरगी अजून आत होती.

"तुझ्याबरुबर आलो न्हाय, म्हनून तू माझ्यावर..." त्याला पुढचं जमेना.

"न्हाय," दैवशाला म्हणाली. "त्येच्यासाठी कवाच न्हाय."

"दुपारी गावली. निजल्यावानी. कुठं खरचटलंसुदिक नव्हतं. कपाळाला माती. म्या पुसली. वाटलं, आता डोळं उघडंल. म्हनून मंग अजून हाका मारल्या. नरडं बसलं माझं."

दैवशाला ऐकत होती. वर्षानुवर्षं तिच्या डोळ्यांपुढं एक चेंदामेंदा झालेलं तोंड यायचं, ते कधी पाहिलेलं नव्हतं म्हणून तर रोज वेगळं यायचं. आणि पोरगी निजल्यासारखी होती. कपाळाला नुसती माती.

"समद्यास्नी एका जागी जाळाया नेत व्हते," बब्रुवान म्हणाला. "म्या दिली न्हाय. लेकराला कुनी जाळतं का? टावेलात गुंडाळली, रानात नेली. आंब्यापासल्या बांधाला... म्याच खांदलं. कुनी नव्हतं संगं."

आंब्यापासचा बांध. तिथली गाडीभर रुंदीची पट्टी बब्रुवान कधी नांगरत नव्हता. त्यावरून ती त्याच्याशी कितीदा भांडली होती. तेवढ्यात दोन ओळी तूर येती, म्हणायची. आळस, म्हणायची. तो ऐकून घ्यायचा आणि औत तिथून वळवायचा.

"मला का न्हाय सांगितलं?" तिचा आवाज चढला नाही. चढायला हवा होता, असं तिला स्वतःलाच वाटलं.

"तू इचारशील म्हनून थांबलो. तू इचारलंच न्हाईस. दवाखान्यातनं आलीस ती पोथी घेऊन बसलीस. म्हनलं, हिला कळंल तवा इचारंल. मंग लई वर्सं झाली. मंग लाज वाटाया लागली." तो दम घ्यायला थांबला. "अन् आता जीभच गेली. भ्या वाटलं. म्हनलं, सांगायचंच ऱ्हाऊन जाईल."

चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला. दैवशाला उठली, आत गेली, पातेलं उतरवलं, ओट्यावर सांडलेलं पुसलं. फडकं पिळलं. पुन्हा पुसलं. मग भिंतीला हात लावून थोडा वेळ उभी राहिली. बाहेर येऊन ती पाटावर बसली तेव्हा तिचा पदर खांद्यापर्यंत ओला होता.

"फुडं वाच," बब्रुवान म्हणाला.

"तुमास्नी तर ठाव हाय फुडचं."

"तुझ्या तोंडानं ऐकायचंय."

तिनं ओवी शोधली. कुंभारीण गप्प बसली. नदीचं पाणी वाहत होतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं. मग तिनं रडू बाजूला ठेवून, जेवायला बोलवावं तसं लेकराला नाव घेऊन बोलावलं. पोथीत त्या लेकराचं नाव होतं. दैवशालाच्या तोंडून ते आलं नाही.

"जाई!"

ओसरीवरून निघालेली हाक अंगणातून रस्त्यावर गेली. समोरच्या झाडावरची पाखरं उडाली. रस्त्यापलीकडच्या घरातून म्हातारी नागम्मा दारात आली. भूकंपाच्या पहाटे तिच्याही घरातली माणसं गेली होती.

"कुनाला हाक मारलीस गं?"

"जाईला," दैवशाला म्हणाली.

नागम्मानं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "बरं केलंस बाई," आणि आत गेली.

अध्यायाच्या चारच ओव्या उरल्या होत्या. दैवशालाला वाटलं होतं, आता लेकरू उठेल, लोक जयजयकार करतील, साधूच्या पाया पडतील. तसं काही नव्हतं. लेकरानं डोळे उघडले. आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, 'माये, तू कधी जागी झालीस?'

एवढंच. अध्याय तिथं संपला होता.

तिनं ती ओवी पुन्हा वाचली. मग मनातल्या मनात आणखी एकदा. ती इतकी वर्षं समजत होती की या पानांत त्या कुंभारणीला मिळालेलं आणि आपल्याला न मिळालेलं दान आहे. इथं तर लेकरूच आईला विचारत होतं. झोपलं कोण होतं? दैवशालानं पोथीवरून डोळे उचलले. समोर वाकड्या तोंडाचा, पिकल्या केसांचा एक माणूस बसला होता. एका घरात राहून, रोज त्याला वाढून, त्याच्यापासून समर्थ होऊन तिनं त्याला त्या दिवसानंतर पाहिलंच नव्हतं. तो कधी म्हातारा झाला? ती कुठं होती तेव्हा?

दोन दिवसांनी सिद्धारामनं बैलगाडी जुंपली. बब्रुवानला उचलून गाडीत पोत्यांवर बसवलं. दैवशाला मागं पाय सोडून बसली. जुन्या गावाच्या अंगानं गाडी गेली. जिथं घरं होती तिथं आता बाभळी माजल्या होत्या. रानात सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. आंब्याजवळ गाडी थांबली आणि सिद्धाराम, त्याला काही सांगितलेलं नसतानाही, बैल सोडून दूर विहिरीवरच्या मोटारीकडं निघून गेला.

बांधाला तरवड फुलला होता. गुडघाभर गवत. तिथं दगड नव्हता, खूण नव्हती. बब्रुवाननं गाडीतूनच काठीनं जागा दाखवली. दैवशाला तिथं जाऊन बसली. गवत बाजूला करून तिनं तळहात मातीवर टेकला. माती कोमट होती.

"ऊन लागत आसंल," ती म्हणाली.

"आंब्याची सावली येती दुपारनं," बब्रुवान म्हणाला. "म्हनून हितं ठिवली, जाईच्या आई."

ते नाव ऐकलं आणि तिला रडू फुटलं. दवाखान्यात ती अशी रडली नव्हती. तिथं बाया म्हणायच्या, ही दगड झाली. आता तिला आवाज आवरेना, आवरावासाही वाटेना. बब्रुवान गाडीत बसून रडत होता. कुणी कुणाला गप्प केलं नाही. पोरगी काही उठली नाही. तिनं तशी आशा धरलीच नव्हती, असं म्हणता येणार नाही. हात मातीवर टेकताना एका क्षणापुरती आली होती ती आशा, आणि तिच्याबरोबर अशी ओढ आली की दैवशालाला वाटलं, ही भुई आपल्याला आत घेईल. पण ती ओढ तिला चालली. इतकी वर्षं तिनं ती कुठं दाबून ठेवली होती कोण जाणे. आता ती होती, उघडी, दुपारच्या उन्हात, जाईएवढी.

देवळासमोर एकदा तात्या भेटले. तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "वाचलात का?"

"वाचला."

"मग?"

"लेकरू लेकरूच हाय, तात्या," दैवशाला म्हणाली. "पर तुमी म्हनत व्हता त्येबी खोटं न्हाय. मला दोन्ही एका टायमाला धरता येत नव्हतं."

तात्यांनी नमस्कार केला. तिला की देवळाला, ते तिला कळलं नाही.

पुढं नवरात्र आलं. त्या मुलखात देवीच्या दिवसांत घरोघरी कुमारिका जेवू घालतात. लहान पोरींना देवी मानून त्यांचे पाय धुतात. दैवशालाच्या घरी हे कधी झालं नव्हतं. या वर्षी तिनं सकाळीच पुरण घातलं आणि रस्त्यावर उभं राहून एकेका पोरीला नाव घेऊन बोलावलं. पोरी आल्या, ओळीनं बसल्या. एक तेवढी दाराबाहेर बहिणीच्या परकराला धरून उभी राहिली. चारेक वर्षांची, नवीनच राहायला आलेल्या शिक्षकाची मुलगी.

"तुजं नाव काय बाळा?"

"श्रिया."

"ये श्रिया. ये की."

ती आली. दैवशालानं परातीत तिचे पाय घेतले. धुळीनं भरलेले, नखांवर खरवडलेली लाल नखपॉलिश. दैवशाला बोटांमधली माती चोळून काढू लागली, तशी पोरगी हसली. गुदगुल्या होत होत्या तिला. ती पुरणपोळी चिवडत बसली, पापड मात्र तीन खाल्ले. जाता जाता म्हणाली, "आजी, तुमच्या घरात छोटी मुलगी नाही का?"

"व्हती. जाई."

"कुठं गेली?"

दैवशालानं बाजेकडं पाहिलं. बब्रुवान म्हणाला, "रानात हाय."

"मग कधी येणार?"

"ती न्हाय येत," दैवशाला म्हणाली. "मीच जाते तिच्याकडं."

पोरीला हे पटलं असावं. बहिणीनं हात धरला आणि दोघी उड्या मारत निघून गेल्या. ओसरीवर परात तशीच होती. तळाशी थोडी माती बसलेलं, हळदीकुंकवानं तांबूस झालेलं पाणी. दैवशालाला ते टाकून द्यायला होईना. ती परात जवळ ओढून बसली.

"तुळशीला घाल की," बब्रुवान म्हणाला.

"घालते," ती म्हणाली. "बसू द्या वाईच."